दोन्ही पाळ्यांचा रविवार

माझ्या हातून आयुष्यात चुका थोड्याथोडक्या झाल्या नाहीत. बहुतेक मी सोयीस्करपणे विसरले. एक मात्र अजून मिरवते. ती एका शब्दाची चूक होती, मी सतरा वर्षांची असताना केलेली, आणि तिच्यापायी आमची अख्खी मंडळी मोठ्या साहेबांपुढे उभी राहिली. पण तो शब्द कळायचा तर आधी आमच्या सुरतेतल्या बमरोलीच्या खोलीत यावं लागेल. या, चपला बाहेरच काढा, आत जागा नाही.

खोली एक आणि माणसं पाच. अप्पा, माय, मी आणि माझ्या दोन धाकट्या बहिणी. मागची भिंत लूमच्या, म्हणजे मागांच्या कारखान्याला लागून होती, त्यामुळे दिवसरात्र खटखट-खटखट चालायची आणि फळीवरचे पितळी डबे एकमेकांना हळूहळू ढकलत कडेला यायचे. माय दर दोन दिवसांनी त्यांना मागे सारायची आणि 'निघाले फिरायला' म्हणून शिव्या घालायची. अप्पा त्याच कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपायचे, आणि तेव्हा आम्ही कुजबुजलो तरी उठून ओरडायचे. मागे शंभर माग धडधडताहेत त्याचं काही नाही! उलट लाइट जाऊन माग बंद पडले की हा माणूस दचकून उठून बसायचा आणि विचारायचा, "काय झालं गं?" जालन्याकडून आलेल्या आमच्या घरात ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी कायम असायची, आणि थंडीत सुरतेचा पोंक यायचा तेव्हा माय मूठभर तोंडात टाकून दरवर्षी तेच म्हणायची, "हा आपलाच हुरडा हाय, नाव तेवढं बदललंय."

आता तो शब्द. एक माणूस दिवसा जे माग चालवतो तेच माग रात्री दुसरा चालवतो, आणि ते दोघं एकमेकांचे जोडीदार. अप्पांचे जोडीदार लुकाकाका, आमच्याच ख्रिस्ती मंडळीतले, आमच्याच तालुक्यातले. नऊ वर्षं दोघांनी तेच आठ माग चालवले आणि नऊ वर्षांत धड दहा मिनिटं एका जागी बसले नाहीत. एक यायचा तेव्हा दुसरा जायचा. जाणाऱ्यानं माग बंद करून जायचं नाही, चालते ताब्यात द्यायचे, हा त्यांचा नेम. कुठला धोटा अडतो, कुठला धागा तुटतो, ते खडूनं मागावरच लिहून ठेवायचं. खिडकीत एकानं दुसऱ्यासाठी शेंगदाण्यांची पुडी ठेवायची, तिच्यावर कुणी हात टाकत नसे. मायचं आणि अप्पांचं वाजलं की माय लुकाकाकांकडे तक्रार करायची, कारण अप्पांचं मन कशात आहे ते मागांकडे बघून त्यांना अचूक कळायचं. जोडीदार म्हणजे काय हे बमरोलीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आमचं देऊळ, म्हणजे ख्रिस्ती देऊळ, हे खरं तर पत्र्याची शेड होती आणि तिलाही कारखान्याची एक भिंत होतीच. सकाळी सातला पाळी बदलायची म्हणून उपासना साडेसातला. रात्रपाळीची माणसं डोक्यावर रुईचे तुसे घेऊन थेट देवळात यायची आणि उपदेशात बसल्या बसल्या पेंगायची. दिवसपाळीची माणसं त्या वेळी मागावर. पुढच्या रविवारी उलट. म्हणजे आमची मंडळी कधी पुरी भरलीच नाही, अर्धी एका रविवारी, अर्धी दुसऱ्या. जोडीदार तर एकत्र देवळात बसणं शक्यच नव्हतं, एक प्रार्थनेत तर दुसरा मागावर.

पाळक होते पाटोळेसाहेब. उंच, वाकलेले, बोलणं इतकं मऊ की भिंतीच्या आवाजात शेवटचा शब्द कुणालाच ऐकू यायचा नाही. त्यांच्या घरात देवदानमास्तर राहायचे. मास्तर महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे, देवळात पेटी वाजवायचे आणि मागांच्या ठेक्यावर भजन बसवायचे, कारण दुसरा काही इलाजच नव्हता. चौदा वर्षं दोघं एका घरात. मास्तरांच्या हातची मासळी सगळ्या बमरोलीत नावाजलेली, आणि पाळकसाहेबांना साधा चहा येत नसे. पाळकसाहेब आजारी पडले की मास्तर शाळेत रजा टाकायचे. मास्तर रुसले की पाळकसाहेब उपदेशात अडखळायचे. हे आम्ही रोज बघत होतो आणि त्याला नाव देण्याची कुणाला गरज पडली नव्हती. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी सुरत रिकामी झाली, माणसं मिळेल त्या गाडीला लटकून गावाकडे पळाली, आम्हीही पळालो. लुकाकाका तापानं फणफणलेले, त्यांना गाडीत कुणी घेईना. या दोघांनी त्यांना आपल्या घरात नेऊन आठ दिवस सांभाळलं. शेवटी निघाला हिवताप! पण ते आठ दिवस तो हिवताप आहे हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्लेगनंतरच्या दुसऱ्या थंडीत ते पत्र आलं. परदेशातल्या आमच्या मूळ मंडळीत म्हणे मोठा वाद पेटला होता आणि सगळ्या लहानमोठ्या मंडळ्यांकडून मत मागवलं होतं. पत्र इंग्रजीत होतं. पाळकसाहेबांनी ते वाचलं, घडी घातली आणि अप्पांच्या हातात दिलं. अप्पा मंडळीचे पंच होते. "शांतवनभाऊ, हे पंचांनी वाचायचं आहे. मी या विषयावर बोलणार नाही, तुम्ही ते वाचाल त्या दोन्ही रविवारी मी सचिन गावाला प्रार्थनेला जातो," असं म्हणून ते आत गेले. अप्पांनी पत्र माझ्यापुढे टाकलं. बारावीला इंग्रजी घेतलेली मी एकटीच ना!

डिक्शनरी मास्तरांचीच, मागून आणलेली. 'पार्टनर'पुढे दोन अर्थ दिले होते, भागीदार आणि जोडीदार. भागीदार शेठलोकांचे असतात, म्हणून मी दुसरा घेतला. पत्रात त्याच्या आधी 'सेम सेक्स' असे दोन शब्द होते, त्यांचा अर्थ मला कळला होता का? अर्धा. आणि तो अर्धा कागदावर लिहायची लाज वाटली. म्हणून मी फार विचार करून असं वाक्य केलं: 'ज्या पाळकाचा जोडीदार त्याच्यासारखाच पुरुष आहे, त्या पाळकाला सेवेत ठेवावे काय?'

रविवारी मी ते खणखणीत वाचलं. पेटीवर एक सूर चुकून लांबला, तेवढं माझ्या कानाला लागलं. मग सगळी शेड हसायला लागली. "मंग काय बाई देता का जोडीला?" मागून कुणी तरी ओरडलं. "आरं, बरं झालं की! एकटा माणूस दोन पाळ्या कसा काढील? बमरोली बघायची, सचिन बघायचं, कामरेजपर्यंत पळायचं. द्या म्हणावं जोडीदार, लवकर द्या!" साहेबलोक आम्हाला दुसरा पाळक द्यायला निघालेत, अशी सगळ्यांची समजूत झाली. झाडून सगळे हात वर. पुढच्या रविवारी दुसऱ्या पाळीला वाचून दाखवलं, तिथंही तेच. लुकाकाकांनी तर दोन्ही हात वर केले. अप्पांनी मला लिहायला सांगितलं, 'एकमताने ठेवावे,' आणि पत्र टाकून आले.

महिन्याभरानं एका शनिवारी दुपारी जीप येऊन उभी राहिली. विभागातल्या सगळ्या मंडळ्यांचे अधीक्षकसाहेब उतरले, शेडमध्ये पंचांना बोलावलं; अप्पा शेजारच्या माणसाला माग सोपवून आले आणि त्या दिवशी परत गेलेच नाहीत. मी पाणी घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. "सगळ्या विभागात होकार देणारी तुमची एकच मंडळी," ते म्हणाले. "आणि तीही एकमतानं! तुम्हाला कळलं तरी आहे का, कशाला हो म्हणालात?" मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुरुषानं पुरुषासोबत संसार करणं. आणि पुढे हेही सांगितलं, की तुमच्या पाळकाबद्दल आमच्या कानावर आलेलंच आहे. "पुढच्या रविवारी मी येतो. उत्तर बदलून सह्या द्या. पाटोळ्यांना सेवेतून काढलं जाईल, घर त्यांनी रिकामं करावं. उत्तर बदललं नाहीत तर मंडळीचं नाव यादीतून जाईल. मग तुमची लग्नं कोण लावतो आणि मयतं कोण पुरतो ते बघा." 

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत जे झालं ते मी विसरणार नाही. लुकाकाका रात्रपाळीवर जायच्या आधी आले, उंबऱ्यातच उभे राहिले. "शांतवन, आरं नऊ वर्सं आपुन एकमेकाला जोडीदार म्हणतोय! कारखान्यात लोकं हसायलेत आता. मी म्हणतो सही करून टाकावी. ते दोघं चांगले हायेत, मी कुठं नाही म्हणतो? पण शास्त्रात लिवलंय त्याचं काय?" माय भाकरी थापत होती. ती थापताथापताच म्हणाली, "शास्त्रात चहाड्या करू नका असं बी लिवलंय भाऊजी. रोज नळावर काय चालतंय मंग?" लुकाकाका म्हणाले, "वैनी, हसण्यावारी नेऊ नका." माय म्हणाली, "मी कुठं हसायले? तुमचं अंग तापलं होतं तव्हा तुमच्या उशाशी कोण बसलं होतं? आन् ते बी राहू द्या, उपकाराचं सोडा. त्यांनी तुमाला हात बी लावला नसता तरी मी हेच म्हणले असते. चौदा वर्सं एका चुलीवर जेवलेली माणसं हायेत. त्यांना उठवायचं कुणी? आपुन?"  लुकाकाका गेले, आणि खिडकीत पुडी ठेवायला त्या दिवशी पहिल्यांदा विसरले.

मी मात्र पार खचले. माझ्या एका शब्दापायी दोन माणसांचं घर मोडायला निघालं होतं. त्या काळी कायदासुद्धा त्यांच्या विरुद्धच होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दोघांना मात्र ते रोजच माहीत असणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझी वही घेऊन मास्तरांकडे गेले. ते ओट्यावर बसून पोंकातला कोंडा पाखडत होते. मी रडायलाच लागले. "कामून रडायलीस? बस." ते शाळेत शुद्ध बोलायचे, घरी आमच्यासारखंच. मी म्हटलं, "मास्तर, मी चुकीचा शब्द लिहिला." त्यांनी हात पुसले, वही घेतली, ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मग खिशातलं लाल पेन काढलं. मी लिहिलं होतं 'जोडिदार'. त्यांनी त्याची वेलांटी दुरुस्त केली. "डी दीर्घ. किती वेळा सांगायचं तुला?" आणि वही मिटून माझ्या हातात देताना म्हणाले, "शब्द बरोबर हाय, लेकरा. चौदा वर्सं मी शोधत होतो, मला नव्हता सापडला." आत पाळकसाहेब काही तरी बांधाबांध करत होते, पुस्तकांचे आवाज येत होते. मास्तरांनी आत बघत हाक मारली, "अहो, पोंक घ्या. गरम हाय तवर."

मी घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मागच्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाले, "अर्ध्या मंडळीनं हे ठरवायचं नाही. दोन्ही पाळ्या येतील." माय म्हणाली, "आन् माग?" अप्पा म्हणाले, "खाडा करू."

खाडा! अप्पांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. ताप अंगावर काढून कामावर जाणारा माणूस. त्यांनी आठवडाभर पाळी सुटताना एकेकाला गाठलं. सह्या कुठल्या करा हे कुणाला सांगितलं नाही, फक्त या एवढंच. लुकाकाकांना त्यांनी तोंडी काही विचारलंच नाही. मागावर खडूनं लिहून ठेवलं, 'रविवारी देवळात. तू बी.' दुसऱ्या दिवशी त्याखाली काही उत्तर नव्हतं.

रविवार उजाडला. मी मायबरोबर बायकांच्या सतरंजीवर बसले होते. अधीक्षकसाहेब खुर्चीवर, पुढ्यात कोऱ्या कागदांची चळत. पाळकसाहेब खाली माणसांत बसलेले, पेटीच्या शेजारी. साहेबांनी मास्तरांकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण मास्तर उठले तर पेटी वाजवणार कोण? रात्रपाळीची माणसं आली, डोक्यावर रुई घेऊन. मग दारात चपलांचा आवाज झाला आणि दिवसपाळीची माणसं येऊ लागली, धुतलेले शर्ट घालून. येतच राहिली. जागा पुरेना, पोरं मांडीवर घेतली, काही जण भिंतीला टेकून उभे राहिले. आणि तेवढ्यात ती भिंत थांबली. देवळाला लागून जी मागांची ओळ होती ती आमच्याच माणसांची, रात्रपाळीनं नेमाप्रमाणे चालती सोडलेली, आणि पाळीवर गेलेला एकच माणूस आता ती बंद करत होता. एक माग बंद झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. इतकी वर्षं ज्या भिंतीनं आम्हाला देवाचं नावसुद्धा धड ऐकू दिलं नाही ती गप्प बसली. शेवटचे आठ माग बंद करून आलेले लुकाकाका दारात उभे होते. हातांना तेल तसंच होतं. ते कुणाकडे न बघता आत आले आणि अप्पांच्या शेजारी जाऊन बसले. 

साहेब म्हणाले, "आता अर्थ सगळ्यांना कळला आहे. उत्तर बदलायचं एवढंच." अप्पा उठले. "साहेब, प्रश्न पुन्हा वाचू द्या. मार्थे, वाच." मी उठले. वहीतलं लाल दुरुस्तीचं तेच पान. एकही शब्द न बदलता मी प्रश्न वाचला, आणि त्या शांततेत माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. या खेपेला कुणी हसलं नाही. मग लुकाकाका बसल्या बसल्याच बोलायला लागले. "साहेब, मी अडाणी. मी बी म्हणत होतो सही करा. काल दिवसभर मागावर इचार केला. मी आजारी पडलो तर हा माझे माग बघतो. मी कुठं चुकतो ते याला ठावं हाय, आन् हा गावभर सांगत नाही. आमचं काय, बारा तासांनी तोंड बघायचं, तरी एवढं हाय. हे दोघं तर घरात हायेत. आमी हो म्हणलो तव्हा आमाला अर्थ कळला नव्हता म्हणता? आमाला जोडीदाराचा अर्थ कळत नाही तर मंग कुणाला कळतो?" आणि मग त्यांनी मागच्या वेळेसारखेच दोन्ही हात वर केले, तेलाचे.

हात वर जात राहिले. मायचा गेला, माझा गेला, मताचा हक्क नसलेल्या पोरांचेसुद्धा गेले. खोटं कशाला सांगू, सगळे गेले नाहीत. तिघांनी हात मांडीवर ठेवले आणि एक कुटुंब उठून निघून गेलं, पुढे वर्षभर आलं नाही. म्हणून अप्पांनी मला साहेबांनी परत आणलेल्या आमच्या उत्तरातलं 'एकमताने' खोडायला लावलं आणि 'बहुमताने' लिहायला लावलं. साहेबांनी त्या कागदाची घडी केली. "परिणाम ठाऊक आहेत ना?" "व्हय साहेब," अप्पा म्हणाले, "यादीतून नाव काढा. आमी बसणार इथंच." पाळकसाहेब मान खाली घालून रडत होते, आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत, साहेबांदेखत, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग तोच हात पेटीवर नेऊन सूर धरला. ठेका द्यायला माग नव्हते. आम्ही पहिल्यांदा आमचंच गाणं ऐकलं, आणि अख्खी शेड घसा फोडून गायली. लुकाकाका मध्येच थांबून अप्पांकडे बघायला लागले. नऊ वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळलं होतं, की त्यांचा जोडीदार किती बेसूर गातो! हसत हसत त्यांनी अप्पांच्या पाठीत गुद्दा घातला आणि स्वतः त्याहून बेसूर गायला लागले.

चार महिन्यांनी वरून पत्र आलं. इंग्रजीतच, पण आता मला सगळं कळत होतं. तूर्त आहे तसे चालू ठेवावे, पुढील निर्णय कळवण्यात येईल. तो निर्णय अजून कळतोय. ते 'तूर्त' पाळकसाहेब निवृत्त होईपर्यंत टिकलं. त्यांनीच माझं लग्न लावलं, माझ्या दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे केले, आणि लुकाकाकांना पुरलं तेव्हा अप्पांचा हात धरून उभे राहिले.

आता मंडळीची दप्तरं माझ्याकडे असतात. पाळकसाहेब गेले त्या दिवशी पुरणविधीची नोंद मीच केली. रजिस्टरात एक रकाना असतो, खबर देणाऱ्याचे नाव व मयताशी नाते. समोर मास्तर बसले होते, ऐंशी ओलांडलेले, डोळ्यांना जाड चष्मा. मी त्यांना काही विचारलं नाही. नाव लिहिलं, नातं लिहिलं आणि सहीसाठी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ वाचलं. मग त्यांनी आधी पेन घेऊन माझी वेलांटी दीर्घ केली आणि मगच खाली सही केली.